घाटातच लागणारा पिवळा दिवा: छोट्या पेट्रोल गाडीतलं लीन मिक्स्चर कसं शोधावं

चेक इंजिनचा दिवा लागला की पहिली गोष्ट: कोड पुसू देऊ नका. स्कॅनर लावल्या लावल्या "मॅडम, कोड काढून टाकतो, परत आला तर बघू" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. बिघाडाचा कोड साठवताना गाडीचा इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, त्या क्षणाचे आकडेही साठवतो. इंजिन किती आरपीएमवर होतं, किती तापलं होतं, गाडीचा वेग किती होता, लोड किती होता, सगळं. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की हे आकडेही जातात, आणि मग पुढचं सगळं अंदाजाने करावं लागतं.

मी चिपळूणला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आई कराडला असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढणं होतं. गाडी 2014 ची, 1.2 लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख आठ हजार किलोमीटर चाललेली. पावसाळा संपल्यावर एका रविवारी घाट अर्धा चढून झाला आणि दिवा लागला. गाडी बंद पडली नाही, वेगळा आवाज नाही, फक्त तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप पडल्यासारखा वाटला. कराडला एका गॅरेजमध्ये दाखवली. कोड निघाला पी 0171, म्हणजे मिक्स्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), बँक 1. बँक म्हणजे सिलिंडरची ओळ. चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या गाडीला बँक एकच असते, तेव्हा त्या शब्दाने गोंधळून जाऊ नका. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, मी साडेपाच हजार रुपये दिले. दोन आठवड्यांनी त्याच घाटात दिवा पुन्हा लागला.

सेन्सर खरं बोलत होता, आणि म्हणूनच त्याला काढून टाकलं होतं. पी 0171 हा कोड ऑक्सिजन सेन्सर बिघडल्याचा नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त शिल्लक राहतोय, मी पेट्रोल वाढवत नेलं तरी तो कमी होत नाही, एवढंच इसीयू सांगत असतो. असं का होतंय, ते आपण शोधायचं.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक ग्रॅमला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. हवा जास्त किंवा पेट्रोल कमी झालं की मिक्स्चर लीन. म्हणजे शोधायच्या दिशा मुळात तीनच: न मोजलेली हवा कुठून तरी आत येते, पेट्रोल पुरेसं पोचत नाही, किंवा मोजणारं यंत्र चुकीचं मोजतंय. फिटर मंडळी पहिल्या प्रकाराला "गाडी एअर घेते" म्हणतात आणि बहुतेक वेळा शोध तिथेच सुरू करतात. माझ्या गाडीत ते लागू नव्हतं. का, ते पुढे येईलच.

दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत घरी न्यायला हरकत नाही, पण लांबचा चढ आणि जोरात रेस टाळा. लोडवर लीन चालणारं इंजिन तापतं, नॉकिंग होतं, वॉल्व आणि पिस्टनला त्रास होतो. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जातंय असा त्याचा अर्थ. बाजूला घ्या आणि थांबा.

आकडे वाचायला शिका

गाडीचे आकडे मोबाईलवर पाठवणारा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल हजार रुपयांच्या आत मिळतो. स्टिअरिंगच्या खाली 16 पिनांचा सॉकेट असतो, त्यात तो बसवायचा आणि मोबाईलवर अ‍ॅप घ्यायचं. मला त्यातले चारच आकडे लागले: शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज आणि इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब.

ट्रिम म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा इसीयू किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय ते. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतं, लाँग टर्म सवयीसारखं सावकाश बदलतं. दोन्हींची बेरीज बघायची. पाच टक्क्यांच्या आतबाहेर असेल तर उत्तम, दहापर्यंत चालतं. बेरीज वीस-पंचवीसच्या पुढे जाऊन तिथेच टिकली की बहुतेक गाड्यांत दिवा लागतो.

नुसता आकडा मात्र फार सांगत नाही. तो कधी वाढतो, हे सांगतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तीन वेळा वाचा: आयडलिंगला, उभ्या गाडीत 2500 आरपीएम धरून, आणि चढावर लोड असताना. चढावर गाडी चालवणाऱ्याने मोबाईल बघायचा नाही, शेजारी कुणाला तरी बसवायचं. मी माझ्या भाच्याला बसवलं आणि वही दिली.

माझे आकडे असे आले. आयडलिंगला बेरीज +6. 2500 ला +7. कुंभार्लीच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये +22. दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मी कोड पुसू दिला नव्हता, त्या फ्रीझ फ्रेममध्येही 2900 आरपीएम, लोड 78 टक्के, बेरीज +23 होती. उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चढावर बिघाड. हवेची गळती अशी वागत नाही. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असतो, आत व्हॅक्यूम जोरदार असतो आणि एकूण हवा थोडी असते, त्यामुळे छोट्या भोकातून आलेली हवाही टक्केवारीत मोठी ठरते. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम कमी होतो, एकूण हवा वाढते, आणि तीच गळती नगण्य होते. म्हणून गळतीच्या गाडीत आकडा आयडलिंगला मोठा असतो आणि रेस दिल्यावर उतरतो. चढावर वाढणारा आकडा पेट्रोलच्या बाजूला बोट दाखवतो.

मॅप की मॅफ, आधी हे बघा

ही पायरी बरेच जण सोडतात, म्हणून इथे थोडी थांबते. गाडी आत येणारी हवा दोन पद्धतींनी मोजते. मॅफ सेन्सर असेल तर एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या पाइपमध्ये बसून तो हवेचा प्रवाह थेट मोजतो. मॅप सेन्सर असेल तर तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्यावरून इसीयू हवेचा हिशेब करतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत फक्त मॅप असतो. अ‍ॅपमध्ये ग्रॅम प्रति सेकंद दिसत असेल तर मॅफ, नुसते किलोपास्कल दिसत असतील तर मॅप. काही गाड्यांत दोन्ही असतात.

फरक असा. मॅफ आणि इंजिन यांच्यामध्ये पाइप फाटला तर ती हवा मोजलीच जात नाही आणि मिक्स्चर लगेच लीन होतं. मॅपच्या गाडीत मात्र फाटक्या पाइपमधून आलेली हवा मॅनिफोल्डमधला दाब वाढवते, सेन्सर तो दाब बघतो, आणि इसीयू त्या हवेपुरतं पेट्रोल देतो. मग मिक्स्चर फारसं बिघडत नाही, आयडलिंग मात्र चढतं किंवा वरखाली होतं. गळती एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर मॅपच्या गाडीतही थोडा लीनपणा दिसू शकतो. पण मॅपची गाडी, आयडलिंग 750 ला स्थिर, आणि तरी पी 0171, असं असेल तर व्हॅक्यूमचे पाइप शोधण्यात दिवस घालवू नका. माझी गाडी तशीच होती.

मॅप सेन्सर स्वतः खोटं बोलत असेल का, हे तपासायला एक पैसा लागत नाही. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा. तेव्हा त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: चिपळूणला 100 किलोपास्कलच्या आसपास, कराडला 95 च्या जवळ, महाबळेश्वरला 86 च्या जवळ. चिपळूणला उभ्या गाडीत 90 दाखवला तर सेन्सर हवा कमी आहे असं सांगतोय आणि इसीयू त्या मापाने पेट्रोल कमी देतोय. माझा 100 होता, आयडलिंगला 34. सेन्सर निर्दोष.

शेजाऱ्यांच्या गाडीत मॅफ आहे, आणि तिथे गोष्ट नेमकी उलटी निघाली. त्यांचे आकडे आयडलिंगला +24, 2500 ला +7. पावसाळ्यात आमच्याकडे उंदीर बोनेटखाली आसरा घेतात, आणि इंजिनाच्या उबेत बसून त्यांनी पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारा) रबरी पाइप खालच्या बाजूने कुरतडला होता. वरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. आरसा आणि टॉर्च घेऊन खालून बघितल्यावर सापडला. साठ रुपयांचा पाइप आणि दोन क्लिपा. अशा गाडीत मोठा इनटेक पाइप वाकवून त्याच्या घड्यांतल्या चिरा बघा, पीसीव्ही आणि ब्रेक बूस्टरचे पाइप, मॅनिफोल्डचं पॅकिंग, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, ऑइल भरायचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसते का, तेही बघा. पर्ज वॉल्व विसरू नका. टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणारा हा वॉल्व उघडा अडकला तरी हवा घेतो. थंड इंजिन आयडलिंगला असताना त्याचा टाकीकडचा पाइप काढून बोट लावा. ओढ लागली तर वॉल्व गेला. मॅफची तार मळली असेल तर फक्त मॅफसाठीचाच क्लीनर वापरा, कापूस किंवा बोट लावू नका.

चालू, तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास दिसते. ती वापरू नका. तो पदार्थ एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो. गॅरेजमध्ये स्मोक मशीन (पाइपांत धूर सोडून गळती दाखवणारं) असेल तर उत्तम, नसेल तर एकेक रबरी पाइप नोज प्लायरने हळूच चिमटून आयडलिंग आणि ट्रिम बदलतं का ते बघा. ज्या पाइपला चिमटल्यावर आकडा खाली येतो, गळती त्याच्याच पलीकडे.

एक्झॉस्टची गळतीही लीन दाखवते, आणि ती मॅप, मॅफ दोन्ही गाड्यांत. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी पॅकिंग फुटलं असेल तर दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. पेट्रोल बरोबर असतं, निदान चुकतं. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येतो का, मॅनिफोल्डच्या जोडावर काळी काजळी आहे का, एवढं बघितलं की बहुतेक वेळा कळतं.

घाटाची चाचणी

पुढचा ऑक्सिजन सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर सपाट रस्त्यावर त्याचं व्होल्टेज 0.1 (लीन) ते 0.9 (पेट्रोल जास्त) मध्ये सारखं वरखाली होतं. रेस पूर्ण दाबल्यावर मात्र इसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, आणि व्होल्टेज 0.8 ते 0.9 वर जाऊन तिथे थांबायला हवं. सेन्सर नवीन प्रकारचा असेल तर अ‍ॅप लॅम्डा दाखवतं. तिथे एकच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त, वर म्हणजे लीन.

मोकळा चढ बघून, मागेपुढे गाडी नाही याची खात्री करून, मी तिसऱ्या गिअरमध्ये पाच-सहा सेकंद रेस पूर्ण दाबली. भाचा ओरडला, "आत्या, शून्य पॉइंट बारा! वर जातच नाहीये!" इसीयू पेट्रोल मागत होता आणि ते येत नव्हतं. सेन्सर नवा, मॅप बरोबर, एक्झॉस्ट घट्ट. राहिली पेट्रोलची वाट.

आयडलिंगला +6 का होतं, तेही इथे सांगायला हवं, कारण आता बऱ्याच जणांना ते दिसतंय. शुद्ध पेट्रोलला 14.7 हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. त्यामुळे ई10 ला (10 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) सुमारे 14.1 आणि ई20 ला (20 टक्के) सुमारे 13.5. ई20 ची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि 2025 पर्यंत ती जवळपास सगळीकडे पोचली. जुन्या मापावर बसवलेल्या इंजिनात ई10 वरून ई20 वर गेलं की ट्रिम साधारण 4 टक्के वर चढतं. एवढ्याने दिवा लागत नाही. पण पूर्वी जो बिघाड वीस टक्क्यांच्या आत लपून राहायचा, तो आता लवकर बाहेर येतो. तेव्हा +4, +5 बघून घाबरू नका, पण हिशेबात तो धरा.

इथून पुढचं काम मी आमच्या गल्लीतल्या फिटरकाकांकडे नेलं. वही दाखवली. त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "बाई, पेट्रोल पोचत नाहीये. प्रेशर बघू." मॅन्युअलप्रमाणे माझ्या गाडीत ते 3 बारच्या आसपास हवं. उभ्या गाडीत गेज लावलं तर 3.0. रेस दिली तरी 2.9. इथेच पुष्कळ जण पंप ठीक म्हणून सोडून देतात. उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी इंजिनावर लोड नसतो, पेट्रोल थोडंच लागतं, आणि दमलेला पंपही तेवढं देऊ शकतो. काकांनी लांब नळीचं गेज काचेबाहेर वायपरखाली बांधलं आणि आम्ही परशुराम घाट चढलो. काटा 2.2 वर आला. गेज आत घेऊ नका. पेट्रोलची भरलेली नळी केबिनमध्ये आणणं धोक्याचं आहे.

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. 2.2 भागिले 3 चं वर्गमूळ 0.86, म्हणजे पेट्रोल 14 टक्के कमी. ती तूट भरायला इसीयूला सुमारे 17 टक्के जास्त द्यावं लागेल. त्यात ई20 चे चार-पाच मिळवले की 22 च्या जवळ. वहीतला आकडा आणि गेजचा आकडा असे एकमेकांना भेटले तेव्हा मला जो आनंद झाला, तो वर्गात प्रयोग जमल्यावर होतो तसाच होता.

दाब लोडवर पडतो त्याची कारणं तीन: पंपाला वीज कमी मिळते, पंप झिजला, किंवा टाकीतली जाळी अथवा फिल्टर तुंबला. वीज आधी तपासा, कारण ती फुकट आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट होते, पंपाच्या कनेक्टरवर 13.7. फरक एक व्होल्टच्या पुढे असता तर वायर, अर्थिंग किंवा रिले बघावा लागला असता.

टाकी उघडताना

बऱ्याच छोट्या गाड्यांत पंप मागच्या सीटखाली असतो. पेट्रोलचं काम याआधी केलेलं नसेल तर फिटरकडूनच करून घ्या, पण शेजारी उभं राहून बघा. टाकी पाव भरलेली असताना, मोकळ्या हवेत, आगविझवणी हाताशी ठेवून. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. सीट उचलल्यावर झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने पूर्ण साफ करा, नाहीतर तीच टाकीत पडते. मोबाईल आणि हलणारे दिवे लांब. रिंग सोडवल्यावर पंपाची सगळी असेंब्ली तिरकी करून बाहेर काढा. पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची दांडी पटकन वाकते.

माझ्या पंपाची जाळी मुळात पांढरी असते. ती तपकिरी झाली होती आणि तिच्यावर मऊ चिकट थर बसला होता. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवलं. पाणी असेल तर इथेनॉल त्याच्याबरोबर खाली उतरतं आणि बाटलीत स्पष्ट रेघ दिसते. रेघ नव्हती, तळाशी गाळ होता. जाळी आणि पंपासोबतचा फिल्टर नवीन टाकला, टाकीचा तळ पुसून काढला, आणि रिंगखालची मोठी ओ-रिंग नवी घेतली. जुनी ओ-रिंग फुगलेली असते आणि परत बसवली की वास येतो, तेव्हा तिथे पैसे वाचवू नका. जाळी 380 रुपये, फिल्टर 1150, ओ-रिंग 220, काकांची मजुरी 700. पंप जुनाच ठेवला, आणि ठेवायचा की नाही हे परशुराम घाटाने ठरवलं: तोच चढ, गेज पुन्हा वायपरखाली, काटा 2.9. तिथेही 2.2 राहिला असता तर पंप बदलला असता.

जोडणी झाल्यावर सीट बसवायच्या आधी चावी तीन-चार वेळा ऑन करून लाइनीत दाब भरू द्या, आणि झाकणाच्या कडेने बोट फिरवून ओल आहे का बघा. मग सीट.

आता कोड पुसा. पुसल्यावर लाँग टर्म ट्रिम शून्यावर जातं आणि इसीयू नव्याने शिकायला लागतो, म्हणून त्याच दिवशीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. दोनशे-तीनशे किलोमीटर रोजच्यासारखी गाडी चालवा, मग तीनही चाचण्या परत करा. मी पुढच्या रविवारी कराडला निघाले. भाचा वही घेऊन शेजारी. आयडलिंगला +5, 2500 ला +5, कुंभार्लीच्या चढावर +6. त्याच वळणापुढे रेस पूर्ण दाबली तेव्हा व्होल्टेज 0.87 वर जाऊन थांबलं.